चार पाण्यांत धुतलेला फोटो

दरवर्षी मे महिना अर्धा सरला की मी आमच्या विहिरीची परीक्षा घेते. पोहऱ्यातलं पाणी काचेच्या पेल्यात ओतायचं, तपकिरी बाटलीतून सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब त्यात सोडायचा आणि बघत राहायचं. दिवाळीच्या सुमारास त्या पाण्यात फारसं काही होत नाही. उजेडाकडे धरलं तर उगीच धुकट वाटेल, इतकंच. शिमग्याला जरा पांढरटपणा येतो. आणि आता, आंबे संपत आले की, थेंब पडतो न पडतो तोच पेल्यात ताक होतं. याचा अर्थ खालचा गोडा झरा आटला आणि जांभ्याच्या भेगांतून खाडी आत सरकली. सिल्व्हर नायट्रेटला मीठ भेटलं की ते असं पांढरंफटक पडतं. तिथे लपवाछपवी चालत नाही.

"बाई, पाणी मचूळ झालंय ते आमच्या जिभेला कळतंय की! त्यात आणखी औषध कशाला घालताय?" शेजारच्या सुमनवहिनी दरवर्षी विचारतात.

"जीभ सवयीने खोटं बोलते, वहिनी. हे बोलत नाही."

बत्तीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं की माणूस असंच बोलायला लागतं. सुमनवहिनी हसतात आणि हंडा उचलून जातात. मी पेला विहिरीच्या कठड्यावर उन्हात ठेवते. त्यातलं पांढरं हळूहळू जांभळट होतं, मग राखाडी, आणि दुपारपर्यंत तळाशी काळा गाळ बसतो. या चांदीच्या क्षारांना उजेड सोसत नाही. म्हणून त्यांना तपकिरी बाटलीत, कपाटाच्या आतल्या अंगाला ठेवायचं.

यंदा पेल्यात थेंब टाकला तो बाटलीकडे न बघताच. त्याच्या चार दिवस आधी त्याच बाटलीतला एक थेंब मी दुसऱ्याच एका वस्तूवर टाकला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं झालं. तेव्हापासून मला दुसरा कुठलाही मे महिना आठवत नाही, चाळीस वर्षांपूर्वीचा तो एकच आठवतो.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवसांत मुलं काळी बोटं घेऊन माझ्याकडे येतात. "बाई, साबणाने जात नाही! लिंबू चोळलं तरी जात नाही!" सांगून सांगून जीभ झिजली, सिल्व्हर नायट्रेटला हात लावू नका म्हणून. पण ते दिसतं नुसतं पाण्यासारखं, मग कोण भितो? बोटाला लागतं तेव्हा काहीच कळत नाही. डाग मागाहून, उजेडात गेल्यावर उठतो. मी त्यांना सांगते, आता ही कातडी जाईल तेव्हा डाग जाईल, तोवर मिरवा. मुलं हसतात. मीही हसत आले इतकी वर्षं.

माझी आणि चांदीच्या क्षारांची ओळख मात्र कॉलेजातली नाही, घरातली. माझ्या वडिलांचा, अप्पांचा, रत्नागिरीत राम आळीच्या तोंडाशी फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मध्ये पडदा आणि स्टूल, मागे डार्करूम, आणि डार्करूमच्या मागे आमचं घर. फोटोच्या कागदाला सगळे 'ब्रोमाइड' म्हणत. तेही चांदीचंच, सिल्व्हर ब्रोमाइड. लाल दिव्याखाली कोरा कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडायचा आणि ट्रे हलकेच हलवत राहायचं. आधी केस दिसायचे, मग भुवया, मग डोळ्यांची बुबुळं. गालाची जागा कोरीच राहायची आणि त्या कोरेपणालाच आपण गोरा गाल म्हणायचो. जिथे उजेड लागला तिथली चांदी काळी होऊन बसली. जिथे लागला नाही तिथली हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणाच्या, ट्रेमध्ये विरघळून निघून गेली. सगळा फोटो म्हणजे एवढाच हिशेब.

आणि मग धुणं.

लोक म्हणायचे, "रोल धुवायला टाकलाय." "फोटो धुऊन झाले काय हो, अप्पा?" त्यांच्या लेखी अंधारातलं आमचं सगळं कामच धुणं. मला लहानपणी त्याचा राग यायचा. आम्ही काय परीट आहोत? एकदा तसं बोलले तर अप्पा म्हणाले, "लोक बरोबर बोलतात, शाले. बाकीची कामं दोन-दोन मिनिटांची. धुणं तेवढं तासाचं. हायपो म्हणजे पाहुणा. काम झालं की त्याला निरोप द्यायचा. राहिला तर घर खातो."

तासभर वाहत्या पाण्यात धुवायचं, हा अप्पांचा नेम. पावसाळ्यात पन्हळीखाली टाकी भरलेली असायची, चिंता नसे. पण वैशाखात आमच्या विहिरीचा तळ दिसू लागे आणि पाच घरांत पाण्याच्या पाळ्या लागत. तेव्हा अप्पा ओले फोटो बादलीत घालायचे, बादली सायकलच्या हँडलला अडकवायचे आणि गावाबाहेर एका ओळखीच्या बागायतदाराच्या पोफळीत जायचे. तिथे बारमाही पाट वाहता असे. पाटाला दोन दगड आडवे लावून त्यांनी एक जागा केली होती, तिथे फोटो सोडायचे. मी कितीदा सोबत गेले असेन! वर पोफळीच्या झावळ्यांमधून कवडसे पडलेले, खाली गार चिखलाचा वास, आणि पाण्यात नवरा-नवरी, मुंजमुलगे, पासपोर्टचे गंभीर पुरुष, सगळे एकमेकांवर हलके आपटत, थरथरत पडलेले. अप्पा बिडी ओढत काठावर बसायचे आणि मध्येच एखाद्या नवरीला उलटं करायचे. घड्याळ बघायचे नाहीत. पाट किती वाहिला ते त्यांना अंदाजाने कळायचं.

त्या वर्षी मी बारावीची परीक्षा दिली होती. निकाल लागायचा होता. लग्नसराई ऐन भरात, आणि नेमकी तेव्हा अप्पांना कावीळ झाली. एका लग्नाचे फोटो काढून आले आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळले. डोळे हळदीसारखे पिवळे. आई उसाचा रस, पथ्याचं, वैद्याकडच्या पुड्या यांत बुडालेली. मग डार्करूम माझ्याकडे आली. मला काय ऐट आली होती म्हणून सांगू! सतरा वर्षांची मुलगी, रसायनशास्त्रात वर्गात पहिली, लाल दिव्याखाली एकटी उभी. नखं डेव्हलपरने तपकिरी झालेली, घामाने पाठ भिजलेली, पत्र्यावर आंब्याची पानं खरडल्याचा आवाज. अप्पा भिंतीपलीकडून ओरडायचे, "हायपो मोजून कर गो!" आणि मी ओरडायचे, "केलाय!" तोवर सगळं नीट चाललं होतं. दोनदा मी सायकल काढून पाटावर जाऊनही आले होते.

तिसऱ्या खेपेला मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मला लांज्याला जायचं होतं. मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न. नवा परकर-पोलका नव्हता, दागिने तर नव्हतेच. माझ्याकडे मिरवण्यासारखे होते ते केस. गुडघ्याला लागतील एवढे लांब. ते घामाने आणि हायपोच्या वासाने चिकट झालेले. आणि डार्करूममध्ये ते शेवटच्या लग्नाचे फोटो हायपोतून निघून बसलेले. घरात दोन बादल्या पाणी होतं, आमच्या पाळीचं. सायकल होती, पाट होता, बाहेर रणरणतं ऊन होतं. पाटावर जाऊन यायचं म्हणजे दुपार गेली, आणि मग केस वाळणार कधी?

म्हणून मी एका बादलीतलं पाणी परातीत घेऊन फोटो चार वेळा बुचकळले. चार पाणी. एकमेकांना चिकटलेले होते ते सोडवलेसुद्धा नाहीत सगळे. कपडे धुतानाही माणूस याहून जास्त वेळ देतं. दुसऱ्या बादलीने मी शिकेकाई लावून केस धुतले. फोटो दोरीला चिमट्यांनी लटकवले, आणि त्याच दोरीच्या बाजूला, त्याच उन्हात, मी केस सोडून उभी राहिले. दोघेही अर्ध्या-पाऊण तासात वाळलो. फोटो इतके छान आले होते! काळं काळ्याच्या जागी, पांढरं पांढऱ्याच्या जागी. मनात आलं, अप्पा उगाच तासभर धुतात. म्हाताऱ्यांच्या खोडी.

"शाले, पाटावर गेलीस?" अप्पांनी आतून विचारलं.

"हो, अप्पा."

"तासभर धुतलेस?"

"हो."

"केस ओले गो तुझे?"

"पाटावरच बुडवलं डोकं. ऊन किती आहे!"

अप्पा हसले आणि पिवळे डोळे मिटून पडून राहिले. तीन प्रश्नांना तीन खोटी उत्तरं. आणि मला काही वाटलं नाही हो! हे आता लिहिताना लाज वाटतेय, तेव्हा काही म्हणता काही वाटलं नाही.

पुढे मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं. हायपो राहिला तर काय होतं ते आता मी फळ्यावर लिहून दाखवू शकते, बाण काढून, दोन्ही बाजू जुळवून. त्यातलं गंधक सुटत जातं, चांदीला धरतं, काळ्याचं पिवळं होतं, पिवळ्याचं काहीच नाही. त्याला वर्षं लागतात. दहा, वीस, चाळीस. तोवर गुन्हेगार कुठल्या कुठे गेलेला असतो. माझ्यासारखा एखादा तिथेच शिक्षक होतो.

तर गेल्या आठवड्यात ताराबाय आली. ताराबाय म्हणजे आमच्याकडे वीस-बावीस वर्षं मासे घेऊन येणारी, मांडवीच्या बाजूची. माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठी असेल. रोज सकाळी पाटी उतरवायची, मी "कसे दिलेस?" म्हणायचं, तिने भाव सांगायचा, मी "लुटतेस काय!" म्हणायचं, तिने "तुमाला लुटून कुठं जाऊ?" म्हणायचं, असा आमचा रोजचा पाठ. त्या दिवशी मात्र ती दुपारी आली आणि पाटीशिवाय आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बिस्किटांचा डबा.

"बाई, तुमच्या अप्पांनी काढलेला फोटो हाय. माज्या लग्नाचा. ह्येला कावीळ झाली काय बगा," ती म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर हसली.

मी फोटो हातात घेतला. नवरा-नवरी मध्ये, भोवती माणसं. सगळा फोटो चहा सांडल्यासारखा पिवळा-तपकिरी. मधली माणसं अर्धीमुर्धी दिसत होती. डावीकडच्या टोकाला एक उभा सदरा होता, खाली पाय होते, आणि सदऱ्याच्या वर नुसता पिवळा डाग.

"ह्यो वसंता. माजा भाव," ताराबाय त्या डागावर बोट न टेकवता, वरच्या वर धरून म्हणाली. "माज्या लग्नानंतर नारळी पुनव झाली, बोटी गेल्या, त्यात गेला. बोट बी नाय मिळाली. त्याचा ह्यो एकच फोटो."

मी काहीतरी म्हटलं असेन. अरेरे वगैरे.

"दर नारळी पुनवेला मी त्याला टिळा लावतंय, बाई. आगपेटीच्या काडीनं, बारीकसा. मंग ओल्या पदरानं पुसून परत डब्यात ठेवतंय. बाकीची मानसं दिसतात बगा, अर्दी तरी. त्योच तेवडा गेला." तिने बोट मागे घेतलं. "मीच पुसला त्याला. दर्यानं एकदा नेला, मी दुसऱ्यांदा."

"छे, छे, तसं नसतं ग ताराबाय."

"मंग कसा असता? तुमी शायन्सच्या बाई. काय करता येल काय बगा. तोंड तेवडा आना त्याचा. बाकी नको काय."

चोराच्या मनात चांदणं. लग्न कधीचं, ते मी तिला विचारलंच नाही. अप्पांना कावीळ झाली त्या आधीच्या दिवशी त्यांनी ज्या लग्नाचे फोटो काढले ते मांडवीच्या बाजूचं होतं, हे मला आठवत होतं. तरी मी मनाशी म्हटलं, लग्नं काय एकाच दिवशी एकच होतात? म्हटलं, दोन दिवस ठेवून जा.

माझा भाचा निखिल मुंबईहून आंबे खायला आलेला आहे. तो म्हणाला, "मावशी, टेन्शन घेऊ नकोस, याचं ॲप असतं." त्याने मोबाइलने फोटोचा फोटो काढला, दोनदा बोट फिरवलं, आणि मिनिटभरात पिवळा डाग गेला, तिथे चेहरा आला. तरुण, गुळगुळीत, दात एकसारखे, केसांचा भांग नीट. मी खुळी, मला वाटलं, चला, झालं! दुसऱ्या दिवशी ताराबाय मासे घेऊन आली तेव्हा मोबाइल तिच्यासमोर धरला. तिने पदराला हात पुसून तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो कोन?"

"वसंता. म्हणजे, असा असेल असं मशीनने..."

"ह्यो शिनेमातला कोनतरी हाय," तिने मोबाइल परत दिला. "वसंता नाय ह्यो. वसंता मला ठाव नाय काय?" आणि मग, पाटी डोक्यावर घेता घेता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग कसा व्हता ता मात्र सांगता येत नाय."

निखिल ओशाळला. मी त्याला म्हटलं, तुझी काही चूक नाही. खरं तर कोणाची चूक ते मला आता बघायचंच होतं. कॉलेजला सुट्टी, प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे. घरातली बाटली विहिरीपुरती, विरळ. तिथे ताजं द्रावण बनवावं असा विचार केला आणि मग तोही सोडला. घरातलीच पुरेशी होती. ही चाचणी अप्पांच्या वेळीही होती; मोठ्या स्टुडिओंतून करत, असं ते सांगायचे. धुतलेल्या फोटोच्या पांढऱ्या कडेला सिल्व्हर नायट्रेटचा थेंब लावायचा. हायपो निघून गेलेला असेल तर काही होत नाही. राहिला असेल तर तपकिरी डाग पडतो, आणि जितका हायपो तितका गडद.

अप्पांनी स्वतः धुतलेला, माझ्या आजीचा एक फोटो होता घरात. तो घेतला. ताराबायचा घेतला. खिडक्या लावल्या. दोन्हींच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, एक-एक थेंब. दोन मिनिटं मोजली, टिपकागदाने टिपून घेतलं.

आजीचा कोपरा जवळजवळ होता तसाच राहिला.

ताराबायच्या फोटोवर काळपट तपकिरी टिकली उमटली. मी ती बघत स्वयंपाकघरात किती वेळ उभी होते कोण जाणे. बत्तीस वर्षं मुलांना सांगत आले, डाग मागाहून उठतो म्हणून. चाळीस वर्षांनी उठला.

मग जे जे सुचलं ते केलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! पुण्याला असली कामं करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना फोन केला. त्यांनी मोबाइलवर फोटो मागवून बघितला, म्हणाल्या, मधल्या माणसांचं थोडं परत आणता येईल, डाव्या टोकाला आणायला काही उरलेलंच नाही. आणि निगेटिव्ह? निगेटिव्ह असली तर आत्ता नवा फोटो काढून देते, त्या म्हणाल्या.

निगेटिव्हचं काय सांगू त्यांना? अप्पा गेल्यावर स्टुडिओ बंद केला, तेव्हा बुरशी धरलेल्या निगेटिव्हची खोकी आम्ही चांदी काढणाऱ्या माणसाला देऊन टाकली. तो जुना हायपोही न्यायचा. अप्पांनी वापरलेला हायपो कधी ओतून दिला नाही, मागच्या अंगणात पिंपात साठवून ठेवायचे. लोकांच्या फोटोंतली विरघळून गेलेली चांदी त्यात उतरायची. वर्षानुवर्षं तळाशी काळा चिखल साठला आणि माझ्या लग्नाच्या वेळी अप्पांनी त्या चिखलातून चांदी काढवून घेतली. सोनाराने त्याची माझी जोडवी घडवली. अप्पा किती खूश! "सगळ्या रत्नागिरीचे आशीर्वाद आहेत गो ह्यात," म्हणाले होते. फोटोत ज्याला आपण गोरा गाल म्हणतो त्या जागेची चांदी हायपोत जाते, हे मी मघाशी सांगितलंच. म्हणजे वसंताच्या गालाची, कपाळाची, सदऱ्याची चांदी त्या पिंपात गेली असणार. गेले दोन दिवस मी जोडवी काढून ठेवली होती. मग सुमनवहिनींनी विचारलं, बाई, पाय असे मोकळे का, तब्येत बरी आहे ना साहेबांची? पुन्हा घातली.

ताराबायला सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस स्वतःशी भांडले. सांगून चेहरा परत येणार नव्हता. न सांगून माझी माशांची सकाळ सुरळीत राहणार होती. पण ती बाई दर नारळी पुनवेला आगपेटीची काडी हातात घेऊन थांबणार होती, भीत, की टेकवू की नको. तेवढं एक माझ्या हातात होतं. तेवढंच.

काल ती आली. मासेमारी बंद व्हायला थोडेच दिवस राहिलेत, पाटीत बांगडेही बारके होते. मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि एका दमात सांगून टाकलं. की टिळ्याने काही झालं नाही. ओल्या पदराने काही झालं नाही. फोटो धुतला नव्हता नीट, डावीकडचं टोक तर दुसऱ्या फोटोला चिकटूनच राहिलं असणार. आणि तो अप्पांनी नाही, मी धुतला होता.

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "मे म्हयना व्हता. पानी नसंल तवा."

काय सोय होती बघा! नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"पाणी होतं, ताराबाय. पाटावर होतं, मी गेले नाही. घरात दोन बादल्या होत्या, त्यातल्या एकीने मी केस धुतले. दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं मला."

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या अंबाड्याकडे, म्हणजे आता लिंबाएवढा उरलाय त्याच्याकडे. मला वाटलं, आता ती उठेल, पाटी उचलेल आणि पुन्हा या दारात येणार नाही. तिने तसं केलं असतं तर मी काय म्हणणार होते?

"म्हंजे ती तू," ती म्हणाली. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा मला 'तू' म्हणाली. "आगो, वसंताच गेलता फोटो आनायला. आला नि बोललान, तारे, स्टुडिओतली पोर मान वर करून बगीत नाय, पन केस काय लांब हायत तिचे! सोडलेले व्हते, पार खालपरेंत. आमी किती चिडवला त्याला! आयेनं सुद्दा चिडवला."

ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मला ना हसता येईना, ना रडता.

"म्हंजे तू बगितलास त्याला," ती एकदम पुढे सरकली आणि तिने माझा हात धरला. माशांचा वास, खरखरीत तळवा. "घरातली सगळी गेली गो आता. त्याला बगितलेला मानूस कोन उरला नाय. माज्या डोल्यांपुडं फोटोच येतो, पिवळा झालेला. तू सांग. कसा व्हता?"

मी डोळे मिटले. खरंच सांगते, जिवाच्या आकांताने आठवून बघितलं. सांजवेळ, काउंटर, रस्त्यावरून सुटलेला आंब्याच्या पेट्यांमधल्या पेंढ्याचा वास. कोणीतरी आलं. "फोटो धुऊन झाले काय गो? नीट धुतलेस ना? भयनीचा लगीन हाय." मी म्हटलं, हो. चौथं खोटं. आणि पाकीट पुढे केलं. त्याच दुपारी लाल दिव्याखाली त्याचा चेहरा माझ्या हाताखाली उमटला होता, आधी केस, मग भुवया, मग डोळे. पण ट्रेमध्ये सगळेच चेहरे तसेच उमटतात. आणि काउंटरवर तो समोर उभा होता तेव्हा मी सतरा वर्षांची होते, केस मोकळे सोडलेले होते आणि समोर परका तरुण होता. मान वर कशी करणार?

खोटं बोलायचं मनात आलं. चांगला होता, तुझ्यासारखाच होता, नाक असं होतं. तिने विश्वास ठेवला असता. पण त्या ॲपनेही तेच केलं होतं.

"मी वर बघितलंच नाही, ताराबाय. त्याचा हात तेवढा बघितला."

तिची माझ्या हातावरची पकड सैल झाली. मग पुन्हा घट्ट झाली.

"मंग हात सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. उजवा हात. नखांत डांबर होतं. अंगठ्याच्या खाली दोरीने कापल्याचा वळ होता, बरा होत आलेला. पाकीट द्यायला मी हात पुढे केला तर त्याने तळवा आधी सदऱ्याला पुसला, दोनदा. मग पाकीट बोटांच्या टोकांनी धरलं, कडेकडेने, आपल्या हाताचं काही फोटोला लागू नये म्हणून.

"हां," ताराबाय म्हणाली. "हां. तसाच करायचा तो." ती डोळे मिटून बसली होती.

"आनि?" तिने विचारलं.

आणि पुढे माझ्याकडे काही नव्हतं.